सैल खिळे

१२ जानेवारी १९९८, सोमवार. अल् खुवैर

भीती कागदावर उतरवली की अंगातून उतरते, असं बाबा म्हणायचे. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि इन्स्पेक्टर यायच्या आदल्या दिवशी वहीची पाच-पाच पानं भरायचे. मीही आज वही काढली आहे.

आज अल् हैलच्या साईटवर कंटेनर उघडला. आत अमेरिकेहून आलेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, बारा बारा फूट लांब, वीतभर रुंद. मालक रशीदसाहेब ओहायोला शिकत असताना लाकडी घरात राहायचे, म्हणून त्यांना इथे समुद्रकाठी तसंच घर हवं आहे. लाकडी सांगाडा उभा आहे, त्यावर फळ्या ठोकून झाल्या आहेत. आता बाहेरून या पट्ट्या एकीत एक अडकवत खालून वर चढवायच्या आणि खिडक्यांना, कोपऱ्यांना काठपट्ट्या लावायच्या. याला साइडिंग म्हणतात. हे काम येणारा माणूस म्हणून आमच्या कंपनीत एकच नाव आहे, माझं.

मी हे काम आयुष्यात केलेलं नाही.

नोव्हेंबरात आमचे प्रोजेक्ट मॅनेजर दयानंदसाहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "साइडिंग कुणी केलंय?" कुणी हात वर करेना. बायको तृप्ती आणि लेक सोनल फॅमिली व्हिसावर इथे आखातात येऊन तेव्हा दोनच महिने झाले होते आणि कंपनी माणसं कमी करणार अशी कुजबुज होती. माझा हात वर गेला. "पुण्यात एका अमेरिकन कंपनीच्या कॉलनीत केलंय सर." त्या कॉलनीत मी केली ती पाण्याची टाकी.

कंटेनर उघडताना रशीदसाहेब शेजारी उभे होते. रोजा होता त्यांचा. माझा नसूनही माझ्या तोंडाला कोरड पडली होती.

१५ जानेवारी, गुरुवार

पट्ट्यांबरोबर बेचाळीस पानांचं पुस्तक आलं आहे. गाडीत वाचतो, बाथरूममध्ये वाचतो. तृप्तीने दार ठोठावून विचारलं, "अहो, बरं आहे ना पोट?"

सगळ्या पुस्तकाचं सार एका ओळीत आहे. खिळा कधीही घट्ट मारू नका. तो पट्टीच्या लांबट भोकाच्या मधोमध मारायचा आणि डोकं पट्टीला टेकायच्या आत थांबायचं, एका नाण्याची जाडी आत जाईल इतकी फट ठेवून. कारण हे प्लास्टिक उन्हाने वाढतं. थंडीतली बारा फुटांची पट्टी उन्हाळ्यात अर्धा इंच लांब होते. तिला सरकायला वाव नसला तर ती फुगते. म्हणजे नीट लावलेली भिंत हात लावला की जराशी हलायलाच हवी.

पण हा अर्धा इंच अमेरिकेच्या उन्हाळ्याचा. इथे जूनमध्ये गाडीचं स्टिअरिंग रुमालाने धरावं लागतं. मी पट्टीच्या टोकाशी या वाढीसाठी ठेवायची फट जास्त धरली आहे. आकडेमोड तीनदा केली, तिन्हीदा उत्तर जरा जरा वेगळं आलं. कुणाला विचारू? ज्याला सगळं येतं म्हणतात, त्याला कुणाला काही विचारता येत नाही.

१९ जानेवारी, सोमवार

सुताराच्या बाबतीत मात्र माझं नशीब चांगलं निघालं. भिकाजी कुडाळकडचा, पन्नाशीचा, बारीक अंगाचा. चार पिढ्या सुतारकाम. हाताखाली दोन मल्याळी. रंधा त्याच्या हातात असा चालतो, की बघत राहावं.

पण सैल खिळ्याचं सांगितलं तसा त्याचा चेहरा पडला. मी त्याच्या बायकोची निंदा केली असती तरी तो इतका दुखावला नसता.

"सायबानु, सैल खिळो कसो चलतलो? उद्या कोण म्हणतलो, सुताराच्या हातात जोर नाय."

"पुस्तकात तसंच लिहिलंय, भिकाजी."

"पुस्तकात?" त्याने पुस्तक हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. इंग्रजी त्याला येत नाही. "बरां. पुस्तकात आसा तर आसा."

त्याला कारण सांगायला तोंड उघडलं होतं. पण कारण सांगितलं की तो पुढचं विचारणार, इथल्या उन्हात किती वाढतं, तुम्ही पुण्यात फट किती ठेवली होती. मग मी काय सांगणार होतो? "यल्ला, सुरू करा," म्हणून मोकळा झालो.

३ फेब्रुवारी, मंगळवार

ईदची सुट्टी संपली. पश्चिमेची भिंत छातीपर्यंत आली. भिकाजी खिळा मारताना शेवटच्या घावाला हात आवरतो आणि दर वेळी तोंड वाकडं करतो, कडू औषध घ्यावं तसं. खिडक्यांच्या काठपट्ट्या त्याने इतक्या सफाईने जोडल्यात, की सांधा सापडत नाही.

पुस्तकाबरोबर एक लहानशी आकडी आली आहे. लावलेली पट्टी न मोडता सोडवायची असेल तर ती आकडी खालून अडकवून सरकवायची. मी करायला गेलो आणि पट्टीचा काठ मोडला. भिकाजीला एकदाच दाखवलं, त्याला लगेच जमलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

आजचं आजच लिहून टाकतो.

दयानंदसाहेब न सांगता साईटवर आले. गाडीतून उतरले ते सरळ पश्चिमेच्या भिंतीशी. पंजा टेकवला आणि जोरात हलवला. पट्ट्या खडखडल्या.

"प्रेमानंद, हे काय? भिंत बांधलीयस की खुळखुळा?"

भिकाजी, दोन्ही मल्याळी, पाण्याच्या टँकरचा पठाण, सगळे बघत होते.

"सब का सब लूज है! मालकाला हे दाखवणार तू? पुण्यात असंच करून आलास? दहा दिवसांत मला ही भिंत पक्की दिसली पाहिजे, खलास!"

मला उत्तर माहीत होतं. पान क्रमांक सात. ते म्हणायला दहा शब्द पुरले असते. पण त्यांनी 'पुण्यात' म्हटलं आणि मी पुस्तक काढलं नाही. वाटलं, मी पुस्तक काढलं तर ते म्हणतील, तुला पुस्तक लागतं? आणि पुस्तकच इथल्या उन्हाला खोटं ठरलं तर? मी आमच्या घरातला पहिला इंजिनीअर. कॉलेजात पहिल्या वर्षापासून एकच धाक मनात आहे, की एक दिवस कुणीतरी सगळ्यांदेखत विचारेल, तुला खरंच येतं का रे? आज विचारलं. मी म्हणालो, "बघतो सर."

ते गेल्यावर भिकाजीने चहा आणून दिला. "सायबानु, जीवाक लावून घेव नकात. मी आसंय मां."

भला माणूस. पण तो काय करणार यात?

१४ फेब्रुवारी, शनिवार

काही केलं नाही. खिळे पुस्तकाप्रमाणेच चालू आहेत. दयानंदसाहेब विसरतील अशी आशा. सोहारच्या कामात ते बुडालेत. रोज गाडीचा आवाज आला की मी फाटकाकडे बघतो.

२१ फेब्रुवारी, शनिवार

भिकाजीने गुरुवारी साईटची चावी मागितली. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी हवी म्हणे.

"कशाला रे बाबा?"

"झाडलोट करूक. कचरो लय पडलो हा. मालकाच्या डोळ्यार येता."

काल गेलाही होता. सुट्टीच्या दिवशी कामगारांच्या कॅम्पमधली माणसं मत्रहच्या बाजारात जातात, झोपा काढतात, आणि हा पदरचा दिवस मोडून झाडू मारतो. मी तृप्तीला म्हटलं, अशी माणसं आता राहिली नाहीत. ती म्हणाली, "एवढ्या मोठ्या आवारात एकटा झाडतो? दिवसभर?" तृप्तीला प्रत्येक गोष्टीत शंका.

८ मार्च, रविवार

दयानंदसाहेब आले. मी मनातल्या मनात सामान बांधून तयार होतो. त्यांनी पश्चिमेच्या भिंतीला पंजा लावला, हलवला. भिंत हलली नाही. दुसरीकडे हलवून पाहिलं. ढिम्म. "शाबास! याला म्हणतात काम," म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली.

मला काही कळेना. पुस्तकात पट्ट्या घट्ट बसण्याबद्दल काही नाही, पण बहुतेक वरच्या पट्ट्यांच्या वजनाने खालच्या आपोआप बसल्या असाव्यात. असेलही. छातीवरून धोंडा उतरला, मग चौकशा कशाला? भिकाजी लांब उभा राहून हसत होता. माझं कौतुक झालं याचा त्यालाच जास्त आनंद. त्याच्या उजव्या तळहाताला फोड आले आहेत. झाडू मारून मारून फोड! त्याला म्हटलं, पुरे आता. "आजून तीन भिंती रवल्या," म्हणाला. आवाराच्या तीन बाजू झाडायच्या राहिल्या असतील.

आकडी दोन दिवस सापडत नव्हती. भिकाजीच्या पिशवीत निघाली.

२४ मार्च, मंगळवार

रशीदसाहेब आले होते. हा माणूस हळू बोलतो, त्यामुळे जास्त भीती वाटते. भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "ओहायोला माझ्या खोलीबाहेरची भिंत वारा आला की वाजायची. पहिल्या थंडीत मला झोप यायची नाही. ही भिंत अगदी गप्प आहे."

मी म्हणालो, "इन्शाल्ला, अशीच गप्प राहील."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मान हलवली. तारीफ होती की काय होतं, कळलं नाही. गाडीत बसल्यावरही तेच डोक्यात.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंती आमच्याकडेच केली. अल् खुवैरच्या या तीन खोल्यांत बेचाळीस माणसं. वंदना झाली, सोनलने भाषण केलं. "बाबासाहेबांनी आपल्याला स्टडी करायला सांगितलं... म्हणजे शिकायला," असं अडखळत, पण पूर्ण केलं. भिकाजीला बोलावलं होतं. तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला, बाबासाहेबांच्या तसबिरीला हात जोडले आणि मागे बसला. जेवताना म्हणाला, "चौथी भिंत पण झाली, सायबानु. आता खय बोट घालूक जागा नाय."

मी म्हटलं, तुझ्या जिवावरच झालं. सगळ्यांना ओळख करून दिली. तो लाजला.

महिनाभर झोप चांगली लागतेय. वही लिहायची आठवण होत नाही ती त्यामुळेच.

६ मे, बुधवार

पारा बेचाळीस. दुपारी पश्चिमेच्या भिंतीशी उभा होतो. आतून टिक्, टिक् असा आवाज येत होता, लाकडाला कीड लागल्यासारखा. कान लावला. थांबला. पुन्हा टिक्.

१३ मे, बुधवार

भिंतीला पोट आलं आहे.

खिडकीच्या डावीकडे, माझ्या कमरेच्या उंचीवर. सकाळी दिसत नाही. ऊन पश्चिमेला कललं की पट्ट्या हळूहळू बाहेर येतात, दोन बोटं, आणि संध्याकाळी परत आत जातात. मी तिथे सिमेंटच्या गोण्या रचून ठेवल्या, म्हणजे लांबून दिसू नये. स्वतःचीच लाज वाटली, पण गोण्या काढल्या नाहीत.

१७ मे, रविवार

आकडेमोड सहाव्यांदा केली. पुस्तकातली फट मी वाढवून धरली होती, तरी भिंत फुगते. म्हणजे चूक माझीच. कुठे आहे ते सापडत नाही. सोनलने विचारलं, "पप्पा, व्हाय आर यू डूइंग सम्स?" मी तिच्यावर ओरडलो. ती रडली. तृप्तीने माझ्यापुढचा कागद उचलून कपाटावर ठेवला.

तिला पुण्याचं खोटं माहीत नाही. रोज ठरवतो, आज सांगू.

भिकाजीही फुगवट्यापाशी जाऊन हात लावतो आणि माझ्याकडे न बघता परत येतो. एकदा म्हणाला, "सायबानु, ह्या कशान झाला असात?" मी म्हटलं, "उन्हाने." तो उन्हाकडे बघत राहिला.

२४ मे, रविवार

आता तीन भिंती. पूर्वेची सकाळी, दक्षिणेची दुपारी, पश्चिमेची संध्याकाळी. पाळी लावल्यासारख्या. रशीदसाहेबांनी बघितलं. ओरडले नाहीत. "प्लीज फाइंड आउट," एवढंच म्हणाले आणि दयानंदसाहेबांना फोन लावला.

कंपनीने एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, दिलं नाही तर इथे दुसरी नोकरी नाही. सोनलचं वर्ष अर्ध्यात. घरी अमरावतीला जाऊन काय सांगू? इकडे यायला निघालो तेव्हा सगळी गल्ली निरोप द्यायला बसस्टँडवर आली होती.

३० मे, शनिवार

खिळे ठोकलेले आहेत!

दयानंदसाहेबांसमोर एक पट्टी आकडीने कशीबशी सोडवली. आत बघतो तर खिळ्याचं एकूण एक डोकं पट्टीत रुतून बसलेलं. दुसरी सोडवली, तिसरी सोडवली, तेच. कुणीतरी एकूण एक खिळा मुळापर्यंत ठोकला आहे. पट्टीला हलायला केसाइतकी जागा नाही. मग फुगणार नाही तर काय करणार? माझा हिशोब बरोबर होता. माझी चूक नव्हती! मी तिथे उन्हात उभा राहून हसलो असेन, कारण दयानंदसाहेब म्हणाले, "हसतोस काय?"

भिकाजीला बोलावलं. "हे कुणी केलं?"

"मी," तो म्हणाला.

"साहेबांनी काय सांगितलं होतं?"

"सैल ठेवा म्हणून."

बस्स. मला इतका राग आला! हट्टी माणूस. सुतारकीचा ताठा नडला. त्याच्यामुळे मी महिनाभर मेलो.

३१ मे, रविवार

दयानंदसाहेबांनी मला केबिनमध्ये बसवून पत्र लिहून घेतलं. सुताराने लेखी-तोंडी सूचना मिळूनही त्या पाळल्या नाहीत, सबब नुकसानीस तोच जबाबदार. लेखी सूचना कधी होती? पण मी टाइप केलं. खाली त्याची सही घ्यायची, ते पत्र मालकांना द्यायचं आणि भिकाजीचा व्हिसा कॅन्सल. "कुणाचं तरी नाव द्यावंच लागतं," ते म्हणाले. "तुझं देऊ?"

फेब्रुवारीत भिंत हलवून कोण ओरडलं होतं, ते त्यांच्याही लक्षात असणार. दोघांनीही तो विषय काढला नाही.

रात्री जेवलो. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो, हे लिहून ठेवतो.

३ जून, बुधवार

मगरीबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या सुमारास कॅम्पवर गेलो, सही घ्यायला. भिकाजी स्टोव्हवर बांगड्याची कढी करत होता. हात पुसून आला, खाटेवरचं सामान सारून मला बसायला जागा केली. मी कागद पुढे केला.

"माका इंग्रजी येना नाय. तुमी वाचून सांगा."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मीच लिहिलेलं मलाच मराठीत सांगायचं होतं, त्याच्या तोंडावर. क्षणभर वाटलं, रजेचा कागद आहे म्हणून सांगावं. मग वाचायला लागलो, पण वाचताना मवाळ करत गेलो. 'सूचना न पाळता' असं होतं, त्याचं मी 'गडबडीत खिळे घट्ट मारले गेले' असं केलं.

"गडबडीत नाय, सायबानु," तो म्हणाला. "मुद्दाम मारलंय. कागदार खरा लिवा."

"मुद्दाम का?"

त्याने स्टोव्ह बारीक केला.

"त्या दिवशी दयानंदसायब तुमका सगळ्यांदेखत बोललो. तुमी गप रवलास. तुमचा तोंड बघून माका समाजला, पुस्तक वाचताना तुमची कायतरी चूक झाली हा आणि आता सांगूक लाजतास. म्हटलं, कोणाक कळूक नको. शुक्रवारी जावन एक एक पट्टी सोडवलंय आणि एक एक खिळो बसवलंय. सात शुक्रवार लागले. माका काय म्हायत, चूक तुमची नाय, माजी होती."

मी कागद खाटेवर ठेवला.

"हेच्यान मी घराक जातलंय, एवढाच मां? माजो झील मोठो झालो, कमावता. तुमचा चेडू आजून शाळेत जाता." त्याने पेन मागितलं. "सही खय करू?"

मी बोट दाखवलं. होय, मी बोट दाखवलं. त्याने खाटेवर वही ठेवून, वाकून, एक एक अक्षर कोरल्यासारखी सही केली. मग म्हणाला, कढी झाली हा, जेवन जावा. मी जेवलो नाही. कागद घडी करून खिशात घातला आणि निघालो.

४ जून, गुरुवार. पहाटे

कागद समोर आहे. आठला दयानंदसाहेबांना द्यायचा.

तृप्ती उठली. तिला सगळं सांगितलं, पुण्याचंही. ती ऐकत राहिली. मग स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली, म्हणजे मला ऐकू जाऊ नये. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "मला खूप भीती वाटतेय. पण त्या माणसाने आपल्या घरी येऊन जेवण केलंय हो."

भिकाजीच्या सहीखाली चार बोटं जागा आहे. तिथे पेनाने इंग्रजीत लिहिलं: या सुताराला खिळा सैल का ठेवायचा, हे मी कधी सांगितलं नाही. लेखी सूचना दिली नव्हती. ११ फेब्रुवारीला भिंत हलते म्हणून मला ती पक्की करायला सांगण्यात आलं, तेव्हा भिंत हलायलाच हवी हे माहीत असून मी गप्प राहिलो. साइडिंगचं काम मी याआधी कधीही केलेलं नव्हतं.

सही केली. तारीख घातली. झेरॉक्स काढून एक प्रत आधी रशीदसाहेबांच्या घरी टाकणार आणि मग ऑफिसला जाणार. उलटं केलं तर माझा धीर सुटेल, मी मला ओळखतो.

४ जून, संध्याकाळ

दयानंदसाहेबांनी उभ्याने वाचलं. "तुला कुणी विचारलं होतं?" त्यांनी कागद फाडला. मी सांगितलं की एक प्रत मालकांकडे आहे. त्यानंतर ते जे बोलले ते लिहीत नाही.

दुपारी रशीदसाहेबांचा फोन आला. त्यांनी मला पुण्याबद्दल काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "ज्या माणसाने सगळ्या पट्ट्या एकही न मोडता सोडवल्या आणि परत बसवल्या, त्याला घरी का पाठवता?"

भिकाजीचा व्हिसा राहिला. सगळे खिळे उपसून परत मारायचे आहेत. ते काम होईपर्यंत मी. नंतर मला नोटीस, आणि एनओसीचं 'बघू', असं दयानंदसाहेब म्हणाले. त्यांनी 'बघू' कसं म्हटलं, ते मला चांगलं ऐकू आलं.

१२ जून, शुक्रवार

सकाळी साडेपाचलाच साईटवर गेलो. सुट्टीचा दिवस, पण भिकाजी आलेला होता. पश्चिमेच्या भिंतीची सावली होती तोवर तो पट्ट्या सोडवत होता आणि मी खिळे उपसत होतो. माझ्या हाताला तासाभरात फोड आले.

पाणी प्यायला बसलो तेव्हा मी एक पट्टी मांडीवर घेतली आणि त्याला सगळं सांगितलं. हे प्लास्टिक उन्हाने लांब होतं. इतकं. थंडीत परत आखडतं. खिळा सैल असला की ते खिळ्याखालून सरकतं, घट्ट असला की अडकतं आणि बाहेर येतं. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. तो लक्ष देऊन ऐकत होता. पट्टी हातात घेऊन त्याने भोकातून खिळा मागेपुढे सरकवून पाहिला.

"एवढाच?"

"एवढंच."

"ह्या आदी सांगला असतास, तर एक खिळो मारलंय नसतंय." त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "मगे कित्याक नाय सांगलास, सायबानु?"

या वहीत मी ते किती ठिकाणी लिहिलं असेल. जिवंत माणसाला मात्र कधी सांगितलं नव्हतं.

"भीती वाटत होती," मी म्हणालो.

भिकाजीने बाटलीतलं उरलेलं पाणी माझ्या हातावरच्या फोडांवर ओतलं, आणि आम्ही पुढची पट्टी सोडवायला घेतली.